दुभाष्या गप्प का बसतो?

(मंडळाच्या शनिवार दुपारच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. नंतर चहाच्या वेळी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं शेवटी जोडली आहेत.)



आजचा विषय पत्रिकेवर वाचून दोघातिघांनी मला दारातच अडवलं. "अहो, स्टिअरिंगवरची बटणं चालत नाहीत, यावर अर्धा तास काय बोलणार तुम्ही?" त्यांना म्हटलं, बसा तर खरे. आता आधी एक काम करू. ज्यांच्या घरी दहा वर्षांहून जुनी गाडी आहे त्यांनी हात वर करा. बघा! निम्मं सभागृह. आणि त्यात नवल काही नाही. २९ ऑगस्ट २०२३ ला यूलेझ लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये लागू झालं, तेव्हा जुन्या डिझेल गाड्या गेल्या. पण युरो ४ ची पेट्रोल गाडी, म्हणजे साधारण २००६ नंतरची, नियमात बसते. इंजिन ठणठणीत, एमओटी पास होतेय, मग विकायची कशाला? आपण मराठी माणसं, चालती वस्तू टाकायला आपला हात धजत नाही.

अशा गाडीत एकच गोष्ट म्हातारी झालेली असते, ती म्हणजे रेडिओ. ब्लूटूथ नाही, डॅब नाही, फोन जोडायला जागा नाही. मग आपण शंभर-दोनशे पौंडांचा नवा स्टिरिओ आणतो. तो बसतो, वाजतो, रंगीत दिवेही दाखवतो. आणि स्टिअरिंगवरची बटणं मुकी होतात. ती बोलती राहावीत म्हणून मध्ये एक छोटी डबी लावावी लागते. इथे दुकानात तिला 'स्टॉक ॲडाप्टर' म्हणतात. हा स्टॉक शेअर बाजारातला नव्हे बरं का. स्टिअरिंगमागे जी दांडी असते, तिला हे लोक तसं म्हणतात. आजचं बोलणं त्या डबीबद्दल आहे. म्हणजे ती लावूनही बटणं चालत नाहीत, अर्धीच चालतात, किंवा भलतंच काही करतात, तेव्हा काय करायचं.

"नाही चालली बटणं तर नाही चालली, हात पुढे करून आवाज कमी करू," असं म्हणणारे असतात. खरी अडचण पुढे आहे. हात पुढे करायचा कंटाळा येतो, मग फोन हातात घेतला जातो, गाणं बदललं जातं. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये गाडी चालवताना फोन हातात धरून वापरायला १ डिसेंबर २००३ पासून बंदी आहे. १ मार्च २०१७ पासून त्याला सहा पॉइंट आणि २०० पौंड दंड आहे. आणि २५ मार्च २०२२ पासून कायदा आणखी आवळला. नुसतं गाण्यांच्या यादीवर बोट फिरवलं, तेही लाल सिग्नलला थांबलेलं असताना, तरी तो गुन्हा. आता तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा नुकताच टेस्ट पास झाला असेल, तर हे नीट ऐका. पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं. पुन्हा प्रोव्हिजनल, पुन्हा थिअरी, पुन्हा टेस्ट. म्हणजे एका गाण्यापायी सगळं. आणि आपल्याकडे घरातली जुनी गाडी जाते कुणाकडे? त्याच पोराकडे.

थोडं विषयांतर करतो, राहवत नाही म्हणून. हे स्टिअरिंगजवळचं बटण फार आधुनिक वाटतं ना? युरोपातला पहिला गाडीचा रेडिओ ब्लाउपुंक्टने १९३२ साली काढला. पंधरा किलो वजन! डॅशबोर्डमध्ये मावणं शक्यच नव्हतं, म्हणून तो दुसरीकडे ठेवायचा आणि त्याचं नियंत्रण स्टिअरिंगच्या दांड्याजवळ बसवलेलं. म्हणजे बटणं स्टिअरिंगपाशी आणि रेडिओ दूर, ही सोय पहिल्या दिवसापासूनची आहे. आपलं लंडनचं महाराष्ट्र मंडळही त्याच १९३२ सालचं. एवढं सांगून विषयाकडे येतो.

ही डबी म्हणजे दुभाष्या आहे. आई-बाबा इथे आले आणि त्यांना जीपीकडे न्यायची वेळ आली की आपण मधल्या खुर्चीत बसतो, तसा. एका बाजूला गाडी. ती तिच्या भाषेत बोलते. दुसऱ्या बाजूला स्टिरिओ. त्याची भाषा वेगळी. डॉक्टरला काही कळलं नाही तर कारणं तीन: बाबा बोललेच नाहीत, दुभाष्याला ऐकू आलं नाही किंवा अर्थ लागला नाही, अथवा दुभाष्या भलत्याच खोलीत जाऊन बोलला. बटणांचंही तसंच. पण लोक करतात काय, तर पहिल्या दिवशीच दुभाष्या बदलतात. डबी परत पाठवतात, दुसरी मागवतात, तीही चालत नाही, मग तिसरी. डबी खराब निघत नाही असं नाही, पण मी जेवढ्या गाड्या पाहिल्या त्यात ती क्वचितच गुन्हेगार होती. आधी कोणत्या दोघांमधलं बोलणं तुटलंय ते शोधा, पैसे नंतर खर्च करा.

आता गाडीची भाषा. ती ढोबळमानाने दोन प्रकारची. जुनी भाषा रेझिस्टन्सची. स्टिअरिंगवरून एक किंवा दोन वायर येतात आणि प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. बटण दाबलं की वायर त्या रेझिस्टरमधून अर्थला जोडली जाते आणि पलीकडचा माणूस किती ओहम आहेत त्यावरून बटण ओळखतो. त्या काळातल्या बऱ्याच टोयोटा, होंडा, निसान गाड्यांत हीच पद्धत. साध्या दहा-पंधरा पौंडांच्या मल्टिमीटरने तुम्ही ही भाषा स्वतः ऐकू शकता, हा तिचा मोठा गुण.

दुसरी भाषा कॅन बसची. ही बॉशने १९८६ साली डेट्रॉइटच्या परिषदेत मांडली, आणि १९९१ च्या सुमारास मर्सिडीझच्या एस क्लासमधून ती रस्त्यावर आली. दोन वायर एकमेकींना पीळ घालून जातात आणि सगळी गाडी त्यांवरच बोलते: इंजिन, दारं, दिवे, तुमचं बटण. इथे ओहम मोजून काही कळत नाही, कारण तिथे आकड्यांचे निरोप धावत असतात. प्रत्येक कंपनीचे निरोप वेगळे, कधी कधी त्याच मॉडेलच्या दोन वर्षांमधले वेगळे. म्हणून कॅनची डबी घेताना गाडीचं वर्ष, मॉडेल आणि मूळ रेडिओचा प्रकार तंतोतंत जुळावा लागतो. कनेक्ट्सटू किंवा ऑटोलीड्सच्या यादीत एकाच गाडीसमोर तीन-चार नंबर दिसतात ते उगाच नव्हे. गाडीला कंपनीचाच वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर त्याचा नंबर वेगळा.

आणि स्टिरिओची भाषा? तीही प्रत्येकाची निराळी. कुणी पुन्हा रेझिस्टन्सच समजतो, कुणी विजेच्या ठोक्यांचा संकेत. म्हणून डबीसोबत 'पॅच लीड' नावाची छोटी वायर वेगळी मिळते: पायोनिअरची वेगळी, अल्पाइनची वेगळी, केनवुडची वेगळी. बऱ्याचजणांना ती वेगळी घ्यावी लागते हेच माहीत नसतं.

बरं, आता शोधायचं कसं? मी नेहमी स्टिरिओच्या बाजूने सुरुवात करतो, कारण तिथे काहीही उसवावं लागत नाही आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. स्टिरिओ बाहेर ओढा आणि मागे बघा. साडेतीन मिलीमीटरची गोल भोकं एकसारखी दिसणारी दोन-तीन असतात. एक बाहेरच्या गाण्यांसाठी, एक माइकसाठी आणि एक 'वायर्ड रिमोट'. पॅच लीड ऑक्सच्या भोकात घातलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता विचारतच नाही, थेट टॉर्च मारून बघतो. केनवुड आणि जेव्हीसीला बहुतेक वेळा भोक नसतं, निळ्यावर पिवळी रेघ असलेली एक वायर असते. तिच्या शेजारीच निळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर असते, ती ॲम्प्लिफायर चालू करण्यासाठी. संध्याकाळी गाडीत वाकून, चष्मा कपाळावर ठेवून काम केलं की या दोघींची अदलाबदल होतेच. नंतर स्टिरिओच्या मेन्यूत जा. काही पायोनिअर टचस्क्रीनवर स्टिअरिंग कंट्रोल 'ॲडाप्टरसह' की 'ॲडाप्टरशिवाय' असं विचारलेलं असतं. तिथे चुकीचं उत्तर असेल तर डबीने घसा फोडला तरी उपयोग नाही. काही डब्यांवर कोणत्या कंपनीचा स्टिरिओ आहे ते सांगणारे बारीक स्विच असतात, तेही बघा. आणि बदल केल्यावर डबीची वीज पूर्ण काढून पुन्हा द्या, कारण बऱ्याच डब्या सुरू होतानाच आपल्याला कुणाशी बोलायचंय ते ठरवतात. आयटीवाल्यांची ही जुनीच चेष्टा आहे, 'बंद करून परत चालू केलंत का', पण इथे त्याला खरंच कारण आहे.

हे सगळं ठीक असेल तर गाडीच्या बाजूला वळा. कॅनची गाडी असेल तर एक सोपी खूण सांगतो. अशा अनेक गाड्यांत किल्ली फिरवल्यावर रेडिओला बारा व्होल्ट देणारी वेगळी वायरच नसते. 'किल्ली फिरली' हा निरोप डबी कॅनवरून ऐकते आणि लाल वायरवर बारा व्होल्ट स्वतः तयार करून देते. तर मीटर लावा. किल्ली फिरवल्यावर डबीच्या लाल वायरवर बारा व्होल्ट आले आणि किल्ली काढल्यावर थोड्या वेळाने गेले, तर डबीला गाडीचं बोलणं ऐकू येतंय. मग दोष बहुतेक स्टिरिओच्या बाजूलाच. बारा व्होल्ट आलेच नाहीत, तर डबीची पिवळी कायमची वीज आणि काळी अर्थ तपासा; त्या ठीक असतील तर चुकीच्या नंबरची डबी आली असण्याची शक्यता मोठी. बस्स. कॅनच्या वायरींना टोचू नका, पीळ सोडू नका. त्यांच्यावर फक्त रेडिओ नाही, इतरही बरंच काही अवलंबून आहे.

रेझिस्टन्सच्या गाडीतलं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्याने आम्हाला दोन शनिवार पिडलं.

एका स्नेह्यांची २००९ ची टोयोटा यारिस. मुलीने टेस्ट पास केली, गाडी तिच्याकडे जायची म्हणून जूनमध्ये नवा स्टिरिओ आणि डबी एका दुकानातून बसवून घेतली. उन्हाळाभर उत्तम. ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे गेली आणि मुलीचा युनिव्हर्सिटीतून फोन आला: संध्याकाळी 'पुढचं गाणं' दाबलं की मागचं लागतं, आणि 'मागचं' दाबलं की आवाज वाढतो! सकाळी मात्र सगळं सरळ. बाबांनी डबी बदलली. तेच. पुन्हा बदलली. तेच. मुलगी म्हणाली, "जाऊ दे बाबा, मी फोनवरूनच बदलते गाणी." त्या वाक्यावर बाबांची झोप उडाली, आणि का ते मघाशी सांगितलंच.

आता 'संध्याकाळी' हा शब्द बघा. गाडीला घड्याळ कळत नाही. गाडीला संध्याकाळ म्हणजे दिवे. भर दुपारी ड्राइव्हवेवर साइडलाइट लावले, आणि लबाडी सुरू! जूनमध्ये इथे साडेनवापर्यंत उजेड असतो, तेव्हा दिवे लावून कुणी गाडी चालवलीच नव्हती. दोष पहिल्या दिवसापासून होता, दिसला दिवाळीच्या सुमारास.

मग मोजलं. या टोयोटात बटणांच्या दोन वायर आणि त्यांची स्वतःची वेगळी अर्थ असते. दिवे बंद ठेवून, डबीचा प्लग काढून, त्या स्वतःच्या अर्थशी ओहम मोजले: 'पुढचं गाणं' जवळजवळ शून्य, 'मागचं' सुमारे ३३०, 'आवाज वाढव' १,०००, 'आवाज कमी' ३,१०० च्या आसपास, आणि काहीच दाबलं नाही तर एक लाख. म्हणजे स्टिअरिंग अगदी स्पष्ट बोलत होतं. आता या आकड्यांकडे बघून रात्रीचं वागणं आठवा. शून्यावालं बटण ३३० सारखं ऐकू येतंय, ३३० वालं १,००० सारखं. प्रत्येक बटण एक पायरी वर सरकलंय! म्हणजे डबी वेडी नव्हती. तिला ऐकू येणाऱ्या प्रत्येक आकड्यात कुणीतरी काहीतरी मिसळत होतं, आणि ते फक्त दिवे लागल्यावर.

ते काय, हे शोधायला मीटर व्होल्टवर घेतला. एक टोक डबीच्या काळ्या वायरवर, दुसरं बटणांच्या अर्थवर. दोन्ही अर्थच, तर मध्ये शून्य व्होल्ट हवेत. दिवे बंद: शून्य. दिवे लावले: जवळजवळ अर्धा व्होल्ट. वायर धरून मागे गेलो. बसवणाऱ्याने बटणांची अर्थ मूळ जागेवरून तोडून डॅशमागच्या एका पट्टीच्या बोल्टला लावली होती. पट्टी रंगवलेली, म्हणजे धातूला धातू नीट टेकतच नव्हता. आणि त्याच बोल्टला पायाशी लावलेल्या हौशी निळ्या दिव्यांचीही अर्थ! ते दिवे साइडलाइटबरोबर लागायचे, त्यांची वीज त्या वाईट जोडातून घरी जायची आणि जाताना अर्धा व्होल्ट उंच करून जायची. डबीला तो अर्धा व्होल्ट बटणाचाच वाटायचा. आम्ही बटणांची अर्थ तिथून काढली, डबीच्या आणि स्टिरिओच्या काळ्या वायरशी एकत्र जोडली, आणि निळ्या दिव्यांना त्यांचा वेगळा स्वच्छ बोल्ट दिला. नवा खर्च एका क्रिंपचा. मुलीचं म्हणणं निळे दिवे काढलेच असते तरी चाललं असतं, ते बाबांच्या हौसेचे होते.

यातली जोडीची लक्षणंही सांगून ठेवतो. सगळी बटणं मेली असतील तर बहुधा वीज, अर्थ किंवा चुकीचं भोक. अर्धी मेली असतील तर दोनपैकी एक वायर जोडलेली नाही. बटणं आपापली कामं अदलून करत असतील तर अर्थ. आजकाल जे अँड्रॉइडचे मोठे स्क्रीन मिळतात, त्यांना 'की १', 'की २' अशा वायर असतात आणि रेझिस्टन्सच्या गाडीत डबी न लावताच बटणं शिकवता येतात. तिथेही दोन वेगळी बटणं एकच समजली जायला लागली तर सॉफ्टवेअरशी झटापट करण्याआधी अर्थ बघा.

आणि समजा रेडिओमागच्या प्लगवर मोजून ओहम बदलतच नाहीत? किंवा चाक सरळ असताना बदलतात आणि वळवल्यावर गायब होतात? मग दोष स्टिअरिंगच्या आत. तिथे 'क्लॉक स्प्रिंग' नावाची एक गुंडाळलेली पट्टी असते. चाक कितीही फिरलं तरी हॉर्न, बटणं आणि एअरबॅग यांच्या वायरी तिच्यातून अखंड राहतात. ती झिजली की बटणांबरोबर हॉर्नही रुसतो, एअरबॅगचा दिवा पेटतो. इथे मात्र मी हात जोडतो. स्टिअरिंग उघडू नका. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं, आणि तिच्या वायरींना ओहमचा मीटर लावणं म्हणजे तिला छोटासा करंट देणं. तिचे प्लग सहसा पिवळे असतात. रेडिओची कायमची वीजही पिवळीच, तेव्हा फक्त रंगावर जाऊ नका, वायर कुठून येते ते बघा. क्लॉक स्प्रिंगचं काम गॅरेजचं. तसेही एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल तर एमओटीत गाडी नापास होते, तेव्हा टाळून चालणार नाही.

आता चहाच्या वेळचे दोन प्रश्न.

एका काकूंनी विचारलं, बटणं चालतात, पण पुण्याहून चार आठवड्यांनी परत आलो की बॅटरी झोपलेली. याचा डबीशी संबंध आहे का? असू शकतो. झोपलेल्या गाडीने साधारण २० ते ५० मिलीॲम्पिअर घ्यावेत. ६० ॲम्पिअर-तासांची बॅटरी तीस मिलीॲम्पिअरवर कागदोपत्री ऐंशी दिवस पुरते. डबीने लाल वायर बंदच केली नाही आणि स्टिरिओ अर्धा ॲम्पिअर ओढत राहिला, तर तीच बॅटरी पाच दिवसांत संपते. तेव्हा गाडी बंद करून कुलूप लावा, अर्धा तास जाऊ द्या, मग लाल वायर मोजा, शून्य हवेत. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. रेडिओच्या प्लगमधली कायमची वीज आणि किल्लीची वीज या दोन्ही ठरलेल्या आयएसओ पद्धतीच्या उलट्या जागी. तिथे पिवळी आणि लाल यांची अदलाबदल करायची असते, नाहीतर दर वेळी किल्ली काढली की स्टिरिओ लावलेली स्टेशनं विसरतो. त्यासाठी बऱ्याच स्टिरिओंच्या वायरीत मध्येच दोन छोटे सुटे जोड दिलेले असतात, वायर कापायची गरज नाही.

दुसरा प्रश्न एका तरुणाचा: डबी परत पाठवायचीच झाली, तर विकणाऱ्याच्या हेल्पलाइनला काय सांगू? "चालत नाही" एवढंच सांगू नका. गाडीचं मॉडेल आणि नोंदणीचं वर्ष, मूळ रेडिओच्या पाठीवरचा नंबर, नव्या स्टिरिओचा पूर्ण मॉडेल नंबर, पॅच लीडचा नंबर; मग किल्ली फिरवल्यावर लाल वायरवर किती व्होल्ट, बटण दाबल्यावर डबीवरचा बारीक दिवा लुकलुकतो का, आणि गाडीचे दिवे लावल्यावर काही फरक पडतो का. एवढं एका ईमेलमध्ये लिहिलं तर उत्तर लवकर येतं, आणि लिहिता लिहिता अर्ध्या लोकांना आपलं उत्तर आपणच सापडतं. हो, आणि मुलीच्या नावावर विमा काढताना नवा स्टिरिओ बसवलाय हे विमा कंपनीला कळवून ठेवा. इथे त्याला बदल समजतात.